नडगी दुखतेय, पळत राहू की थांबू? मदत हवी आहे

नमस्कार, मी १६ वर्षांचा आहे, ८०० आणि १५०० मीटर पळतो. सुट्टीनंतर ट्रेनिंग एकदम वाढलं, त्यात मातीचं ग्राउंड सोडून रोज डांबरी रस्त्यावर, आणि तेव्हापासून दोन्ही नडग्या आतल्या बाजूने, घोट्याच्या वर वीतभर, हाडाच्या कडेने दुखतात. आधी वॉर्मअप झाला की थांबायचं, आता पळून आल्यावर ठणकत राहतं. उजव्या पायाचं तर वेगळंच वाटतंय, बोटाने चाचपत गेलो की एकाच जागी अशी कळ येते की पाय मागे ओढला जातो, जिना उतरताना पण तिथेच. कोच म्हणतात सगळ्यांनाच होतं, बर्फ लाव आणि पळ, आई म्हणते पळणंच बंद कर, मित्र म्हणतो पेनकिलर घे. सिलेक्शन जवळ आलंय आणि मला खरंच पळणं सोडायचं नाहीये. हे शिन स्प्लिंट्सच (जास्त पळण्याच्या ताणाने नडगीच्या हाडाच्या कडेला होणारं दुखणं) आहे का? पूर्ण न थांबता काही करता येईल का? प्लीज सांगा.

प्रतिसाद १
अरे, आधी उजव्या पायाचं बघ, दाखवेपर्यंत पळू नकोस. शिन स्प्लिंट्सचं दुखणं लांब पट्ट्यात असतं, साधारण ५ सेंटीमीटर किंवा जास्तच. एकाच ठिकाणी दुखतं, चालताना किंवा रात्री पडल्यावर पण दुखतं, तेव्हा स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या माराने हाडाला गेलेली बारीक चीर, नाही ना हे बघावंच लागतं. ऑर्थोपेडिककडे जा, आणि एक्सरे नॉर्मल आला तरी निश्चिंत होऊ नकोस, सुरुवातीला त्यात बऱ्याचदा काहीच दिसत नाही, एमआरआय लागेल का ते विचार. पेनकिलर खाऊन पळणं तर नकोच नको, कळ दबते पण हाडावरचा मार चालूच राहतो. दम टिकवायला पोहणं किंवा सायकल चालेल का हेही त्यांनाच विचार. पळताना पाऊल बधिर होतं का?

धागाकर्ता
नाही ताई, बधिर नाही होत. उद्याच जातो. पण कोचना काय सांगू, टीममधून काढतील अशी भीती वाटतेय.

प्रतिसाद १
आईला बरोबर ने आणि किती आठवडे थांबायचं ते डॉक्टरांकडून लिहूनच घे, तो कागद कोचना दाखव. नुसत्या शिन स्प्लिंट्स निघाल्या तर काही आठवड्यांत हळूहळू परत सुरू करता येतं, आधी चालणं, मग थोडं पळणं थोडं चालणं, सोबत पोटऱ्यांसाठी काफ रेझेस, म्हणजे उभं राहून टाचा वर उचलायचा व्यायाम. फ्रॅक्चर असताना पळत राहिलास तर अख्खा सीझन जाईल रे. आणि जेवण नीट कर, वाढत्या वयात पोटाला मारून पळलं की हाडं कमजोर होतात.