पट्टी जतन करताना कनेक्शन पूल संपतो

प्रश्न (लातूर)
मोंढ्यातील एका अडत दुकानासाठी मी जावा, स्प्रिंग बूट आणि पोस्टग्रेस डेटाबेस वापरून हिशेबाचे सॉफ्टवेअर लिहिले आहे. काटापट्टी आली की सोयाबीनचे वजन व भाव नोंदवणे, हमाली-तोलाई वजा करणे, शेतकऱ्याच्या खात्यावर रक्कम टाकणे आणि त्याला एसएमएस पाठवणे, ही सारी कामे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल एकत्र जतन होतात किंवा एकही होत नाही) होतात. दसऱ्यानंतर आवक वाढली की दुपारी स्क्रीन अडकते आणि ३०,००० मिलिसेकंद थांबूनही कनेक्शन मिळाले नाही, असे लॉगमध्ये येते. हिकारी पूलची (डेटाबेसची कनेक्शने उघडून तयार ठेवणारा साठा) मर्यादा १० वरून ५० करावी का?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
करू नये. एसएमएसच्या गेटवेला उत्तर द्यायला ४ सेकंद लागले, तर तेवढा वेळ कनेक्शन नुसते अडकून राहते आणि १० कनेक्शनांतून सेकंदाला जेमतेम अडीच पट्ट्या निघतात. तेच ट्रान्झॅक्शन २० मिलिसेकंदांत संपले, तर हिशेबाने ५०० निघू शकतात. शिवाय संदेश गेल्यावर कमिट (बदल कायमचे जतन करणे) फसले, तर जी पट्टी अस्तित्वातच नाही तिचा एसएमएस शेतकऱ्याच्या हाती पडतो. म्हणून पट्टीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ‘पाठवायचे संदेश’ अशा टेबलात फक्त एक ओळ लिहावी आणि कमिटनंतर वेगळ्या प्रक्रियेने ती उचलून संदेश पाठवावा. क्वचित एखादा संदेश दोनदा जाईल, पण खोटा जाणार नाही.

उत्तर (नांदेड)
वरील मताशी सहमत आहे. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस चालते आणि मूळ मर्यादा १०० असते. त्यातील ३ जागा सुपरयुजरसाठी राखीव असतात, त्यामुळे प्रत्येकी ५० घेणारे दोन सर्व्हर लावताच नवी कनेक्शने नाकारली जातील. मात्र बदल करण्यापूर्वी ‘पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी’ (कोणते कनेक्शन काय करत आहे ते दाखवणारा पोस्टग्रेसचा तक्ता) पाहावे. गर्दीच्या वेळी तेथे ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’च्या (ट्रान्झॅक्शन उघडे, पण काम थांबलेले) ओळी साचलेल्या दिसल्या, तर निदान बरोबर आहे.

प्रश्नकर्ता
तशा ओळी दिसल्या आणि संदेश वेगळे काढल्यावर स्क्रीन अडकणे थांबले. परंतु वजन चुकल्यास मी स्वतः घडवलेले एक्सेप्शन (चूक कळवणारा इशारा) फेकतो, तरीही खात्यावरील रक्कम तशीच राहते.

उत्तर (नांदेड)
ते चेक्ड एक्सेप्शन (जे हाताळण्याची किंवा जाहीर करण्याची सक्ती जावाचा कंपायलर करतो) असणार. स्प्रिंग आपणहून रोलबॅक करते, म्हणजे केलेले बदल मागे घेते, ते फक्त रनटाइम एक्सेप्शन आणि एररसाठी. चेक्ड असेल तर निमूटपणे कमिट होते. आपले एक्सेप्शन रनटाइमपासून घडवावे किंवा ॲनोटेशनमध्ये ‘रोलबॅकफॉर’ लिहावे. आधी अर्धवट पडलेल्या नोंदी मात्र काटापट्ट्यांशी ताडून हातानेच दुरुस्त कराव्या लागतील.