आजोबांचं नाव मी घेतलं, उचललं नाही

कोयनाकाठ:
परवा इथे 'आजोळ' यांनी लिहिलं: "मुलगी होती, मुलगा झाला, ते ज्याचं तो बघेल. पण नाव ठेवणं हे थोरांचं काम. स्वतःच स्वतःचं बारसं करायचं आणि वर गेलेल्या आजोबांचं नाव उचलायचं, हा हक्क कुणी दिला?" रोख माझ्यावरच होता, कारण आदल्या दिवशी मीच इथे आजोबांच्या नावाविषयी लिहिलं होतं. दोन रात्री ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मी २९ वर्षांचा ट्रान्सपुरुष, म्हणजे जन्मापासून सगळ्यांनी मुलगी धरलेला मुलगा. गाव कऱ्हाडजवळ, नोकरी पुण्यात. आमच्या घरात थोरल्या नातवाला आजोबांचं नाव देतात. काकांना पणजोबांचं मिळालं... म्हणजे त्यांच्या आजोबांचं. माझ्या पिढीत आम्ही तिघी बहिणी आहोत असं सगळे धरून चालले, म्हणून ते नाव तसंच राहिलं. थोरला मी होतो. घरच्यांना हे कळायला २४ वर्षं लागली.

मी काही पहिल्या दिवशी ते नाव घेतलं नाही. दीड वर्ष मित्रांमध्ये दुसऱ्या नावाने वावरलो. आद्याक्षर जुनंच ठेवलं, बँकेतली सही चालून जावी म्हणून. नाव चांगलं होतं, पण कुणी मागून हाक मारली की मी वळायचोच नाही. मग एकदा वहीवर आजोबांचं नाव, पुढे बाबांचं, मग आडनाव असं लिहून पाहिलं. बाबांच्या नावात जे मधे असतं ते माझ्या नावात पुढे आलं. मी तिथेच थांबलो.

याच आजोबांनी मला नदीत पोहायला शिकवलं, गावातल्या पोरांसारखं, चड्डीवर. गाव बोललं, त्यांनी ऐकून घेतलं. घराण्याचं नाव काढ म्हणायचे. काढायचं तर आधी लावायला नको?

आजोळ:
तुम्हाला लागलं असेल तर वाईट वाटतं. मत मात्र तेच आहे. बाराव्या दिवशी आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणत बाळ पाळण्याखालून वर जातं, आत्याच्या पाठीत धपाटे बसतात, शेजारणी घुगऱ्या घेऊन जातात. नाव असं चार जणांच्या हातून येतं. एकट्याने वहीत लिहून येत नाही.

आणि एक विचारते. तुमची आई सासऱ्यांचं नाव तोंडाने घेते? आमची पिढी नाही घेत. मग पोटच्या पोराला ती हाक कशी मारणार, हा विचार केलात का?

निर्भीड७२:
शंभर टक्के सहमत. माझ्या मुलाचं नाव आम्ही दोघांनी नऊ महिने शोधलं. नाव ही आई-बापाने दिलेली पहिली वस्तू. ती परत केली की लागतंच. तुमच्या दुःखाबद्दल रोज वाचतो, आई-बापाच्या दुःखाबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही. आता कायदाही तुमच्याच बाजूने, मग आम्ही बोलायचंच नाही?

शाईचा डाग:
कायद्याचं निघालंच आहे तर सांगतो. तालुक्याच्या कोर्टाबाहेर २२ वर्षं प्रतिज्ञापत्रं टाइप करतोय. सर्वोच्च न्यायालयाने नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) प्रकरणात १५ एप्रिल २०१४ ला सांगितलं की आपली लिंगओळख ठरवायचा हक्क ज्याचा त्याला. मग २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्क संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या कलम ७ मध्ये लिहिलं की जिल्हाधिकाऱ्यांचं ओळखपत्र मिळालेल्या माणसाला जन्मदाखल्यातलं आणि बाकी सरकारी कागदांतलं 'पहिलं नाव' बदलून घेता येईल. शब्द नीट वाचा, पहिलं नाव. बापाचं नाव आणि आडनाव तसंच राहतं. तेव्हा निर्भीडराव, बापाला कुणी पुसून टाकत नाही.

अडचण वेगळीच आहे. राजपत्रात नाव बदललं की जुनं आणि नवं शेजारी शेजारी छापून येतं, कायमचं. ज्या नावापासून सुटायचं तेच पुराव्याला जोडायचं. आणि आधारवर नाव साधारणपणे दोनदाच बदलून मिळतं, म्हणून पोरांना सांगतो, आधी वर्षभर नाव अंगावर घालून बघा, मग माझ्याकडे या. कोयनाकाठ यांनी दीड वर्ष घेतलं, ते शहाणपणाचं केलं.

कोयनाकाठ:
आजोळ, प्रश्न चांगला आहे. आई ते नाव घेत नाही. आजीनेही जन्मात घेतलं नाही, उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. काकांना पणजोबांचं नाव होतं, म्हणून आजी त्यांना 'बापू' म्हणायची आणि गावानेही तेच उचललं. अशा घरांतून ही सोय पहिल्यापासून आहे.

आई मला 'आबा' म्हणते. हे तिचं तिनेच काढलं. मी नाव सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ते मला घेता यायचं नाही, मामंजींचं आहे." मला वाटलं, आता नाही म्हणणार. तर म्हणाली, "मी आबा म्हणीन." जुन्या नावाने हाक मारायचीच नाही, यासाठी तिला रीतीचाच आधार मिळाला. त्या दिवसापासून तिच्या तोंडून जुनं नाव एकदाही आलेलं नाही. क्रियापद मात्र येतं. "आबा, जेवलीस का?"

पंचगंगा:
ते क्रियापदाचं आम्हा कोल्हापूरकरांना विचारा. आमच्यात पोरी सर्रास 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात. पुण्यात शिकायला गेले तेव्हा मुली हसायच्या, त्यापायी 'गेले, आले' शिकले, ते अजून जीभेवर आहे. माझा भाचा ट्रान्स आहे. तो लहानपणापासून 'मी जातो' म्हणायचा, कुणाला वेगळं वाटलंच नाही. त्याला बोलणं बदलावं लागलं नाही, नाव तेवढं बदलावं लागलं.

रानवाट:
मीही ट्रान्सपुरुष, ३६, अमरावतीकडचा. पण कोयनाकाठ, मला तुमचं पटत नाही. मी आईला म्हटलं, मला दुसऱ्यांदा नाव दे. तिने आठ महिने लावले. त्या आठ महिन्यांत मी बिननावाचा होतो, मित्र नुसतं 'भाऊ' म्हणायचे. फार जड गेलं. पण तिने दिलं तेव्हा तिने मला मुलगा म्हणून मानलं, हे वेगळं सांगावं लागलं नाही. हिजडा जमातीत चेल्याला गुरू नाव देतो. आपल्याला ना गुरू, ना घराणं. नाव देणारं कुणी असेल तर ते मागावं.

आणि हल्लीच्या पोरांवर माझा राग आहे. सगळे आरव, विहान, कबीर. अरे, तुम्ही १९८८ चे, ९५ चे. तुमच्या वर्गात विहान होता का? अमोल होते, सचिन होते, राहुल होते, संदीप होते. ऑफिसात ३५ वर्षांचा विहान आला की लोक दोनदा बघतात आणि मग तिसऱ्यांदा चेहऱ्याकडे बघतात. नाव वयाला शोभावं, त्यात सुरक्षा आहे.

कोयनाकाठ:
तुम्हाला आईने आठ महिन्यांत दिलं. माझ्या बाबांना मी तीन वर्षं मागतोय. ते समोर असले की मला कुठल्याच नावाने हाक मारत नाहीत, "ए" म्हणतात. किती वर्षं 'ए' राहू? मागून मिळणाऱ्यांनी न मिळणाऱ्यांना रीत शिकवू नये.

रानवाट:
मी रीत शिकवली नाही, माझं सांगितलं. तुम्ही आवाज चढवायची गरज नव्हती.

जुनी वही:
'आई-बापाने दिलेलं नाव परत करू नये' हे वाचून हात थरथरला. निर्भीड, तुमच्या बायकोचं नाव तेच आहे का जे तिच्या आई-बापाने ठेवलं होतं?

माझ्या आईचं लग्नात बदललं. ताटात तांदूळ पसरले आणि वडिलांनी अंगठीने त्यावर नवं नाव लिहिलं. तिला विचारलं नव्हतं, ताटात वाकून वाचलं तेव्हा तिला कळलं. ४१ वर्षं ती त्या नावाने जगली. ती गेल्यावर माहेरच्या सातबाऱ्यावर वारस नोंद करायला गेलो, तर तिथे तिचं पहिलं नाव आणि मृत्यूच्या दाखल्यावर दुसरं. दोन्ही एकच बाई आहे हे सिद्ध करायला आम्हाला दीड वर्ष लागलं. ट्रंकेत तिची शाळेची वही सापडली, मागच्या पानावर जुनं नाव पंधरा-वीस वेळा गिरवलेलं. तारीख लग्नानंतरची. तेव्हा कुठे होतं आई-बापाचं दुःख?

निर्भीड७२:
विषय कुठल्या कुठे नेताय. लग्नातलं नाव हा संस्कार आहे. माझ्या बायकोची तक्रार नाही.

जुनी वही:
तुम्ही विचारलंय कधी?

शाईचा डाग:
आमच्या टेबलावर 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' हे प्रतिज्ञापत्र सगळ्यात जास्त सुनांचंच होतं. राजपत्रात नाव बदललेलं नसतं, रेशनकार्डावर एक, दहावीच्या मार्कशीटवर दुसरं. ट्रान्स पोरं वर्षाला दोन-तीन येतात. नाव बदलण्याने समाज बुडत असता तर सुनांनीच केव्हाच बुडवला असता.

पंचगंगा:
लग्नात माझं नाव मी बदलू दिलं नाही. सासू सहा महिने बोलली नाही. मग नात झाली तेव्हा बोलली. आता तर सरकारनेच २०२४ मध्ये ठरवलं, पोरांच्या कागदांवर आईचंही नाव येणार, बापाच्या आधी. आम्ही जे घरात भांडून मिळवलं ते पुढच्या पोरींना फॉर्मवर छापून मिळेल.

निर्भीड७२:
म्हणजे आता नावात चार शब्द. ऑनलाइन फॉर्मच्या चौकोनात मावतात का? मुलीच्या शाळेत दोनदा अर्ज परत आला.

जुनी वही:
चौकोन मोठा करा. माझ्या आईला लहान केलं तेव्हा कुणी चौकोन मोजला नव्हता.

आजोळ:
मी बोलते, कारण ताटातल्या तांदळावरून सगळ्यांनाच एका मापात बसवलं जातंय. माझंही नाव बदललं. मला आवडलं. ह्यांनी लग्नाच्या आधी पत्रात तीन नावं पाठवली होती, त्यातलं मी निवडलं. सासूबाईंना विचारलं, त्या हो म्हणाल्या. माहेरी मी अजून जुन्या नावाचीच आहे. दोन नावं असणं मला कधी जड गेलं नाही.

कोयनाकाठ:
तुम्ही निवडलं होतं. जुनी वही यांच्या आईला निवडता आलं नाही. फरक तेवढाच आहे आणि माझंही म्हणणं तेवढंच आहे. माझं जुनं नाव वाईट नाही, आत्यानेच ठेवलेलं आहे. पण २०१८ मध्ये माजलगावचे पोलीस शिपाई ललित साळवे यांच्या बातम्या आल्या तेव्हा मी गावात होतो. पारावर पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाने त्यांचं जुनं नाव मोठ्याने वाचलं आणि नवं हळू. त्यांची गोष्ट माझ्याहून वेगळी असेल, पण तो 'हळू' आवाज मी ओळखतो.

आजोळ:
तुम्ही मुद्दा फिरवताय. निवडू नका असं मी म्हटलंच नाही. मी निवडलं आणि विचारलं. तुम्ही निवडलं आणि कळवलं. कळवणं आणि विचारणं यात फरक आहे. ज्या आत्याने तुमच्या कानात पहिलं नाव सांगितलं, तिला विचारलंत?

कोयनाकाठ:
आजोबा तिचे वडील. तिला सगळ्यात आधी फोन केला होता. 'नाव' हा शब्द काढला आणि तिने फोन ठेवला. नंतर चार वेळा केला, उचलला नाही. येत्या मार्गशीर्षात चुलत बहिणीचं लग्न आहे. पत्रिकेत काकांनी माझं जुनं नाव 'कु.' लावून घातलंय, कच्ची प्रत मला मोबाइलवर आली. छपाईला अजून आठवडा आहे. काका म्हणतात, आत्या हो म्हणाली तर 'चि.' करतो आणि नाव बदलतो. म्हणजे तुमचंच खरं झालं, अजून नाव तिच्याच हातात आहे. मला हे मान्य करायला जड जातंय.

निर्भीड७२:
मला अजूनही पटलेलं नाही. पण लग्नाच्या पत्रिकेत जिवंत माणसाचं नाव त्याला नको तसं छापू नये, एवढं म्हणतो. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "आज आठवण झाली?" याच्यावर इथे आणखी लिहिणार नाही.

रानवाट:
कोयनाकाठ, काकांना माझा नंबर द्या. ट्रान्स माणूस घरातला मुलगा म्हणून लग्नात पंगतीला वाढू शकतो, हे त्यांना माझ्याकडून ऐकू दे. परवा मी कडक बोललो, तेही असू दे.

आजोळ:
फोन उचलत नसेल तर पत्र पाठवा. आमच्या पिढीला पत्र फाडता येत नाही. आजोबांनी पोहायला शिकवलं ते लिहा. तिलाही त्यांनीच शिकवलं असेल.

कोयनाकाठ:
हो, तिलाही त्यांनीच. लिहितो. खाली सही कुठल्या नावाने करू?

आजोळ:
नव्या. मला ते नाव घेणं अजून पटत नाही, तरी नव्याच. आणि वर 'तीर्थस्वरूप आत्यास शि. सा. न. वि. वि.' लिहायला विसरू नका.