मदत हवी आहे: अफगाण प्राध्यापिकेला जर्मन विद्यापीठात आणण्यासाठी विद्यापीठाने नेमकं काय करावं?

निशिगंध_ज
नमस्कार मंडळी. जर्मनीतल्या एका विद्यापीठात स्थापत्य विभागाच्या समन्वयाचं काम माझ्याकडे आहे. काबूलच्या एका प्राध्यापिकेला बोलावून घ्यायचं विभागाने ठरवलंय. डिसेंबर २०२२ मध्ये मुलींसाठी विद्यापीठं बंद झाली आणि यांचं शिकवणंही थांबलं. सध्या त्या नवरा आणि दोन मुलांसह इस्लामाबादमध्ये आहेत, पाकिस्तानी व्हिसा चार महिन्यांत संपतोय. आयसीसीआरच्या (भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद) शिष्यवृत्तीवर पुण्यातून एम.ई., पीएचडी नाही. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) फिलिप श्वार्त्स इनिशिएटिव्ह या धोक्यातल्या संशोधकांसाठीच्या जर्मन योजनेतून अर्ज करावा असा विचार आहे. प्रकल्पाचा थोडा निधीही आहे. सुरुवात कुठून करू?

गोदातीर
फिलिप श्वार्त्स इथे चालणार नाही. हुम्बोल्ट फाउंडेशनच्या त्या योजनेला पीएचडी लागतेच. अफगाण विद्यापीठांतले कितीतरी अध्यापक मास्टर्सवर शिकवत होते, त्यामुळे पहिली ठेच इथेच लागते आणि अर्जाची एक फेरी फुकट जाते. पीएचडी असलेल्या व्यक्तीसाठी प्रयत्न करणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा. अर्ज विद्यापीठाने करायचा असतो, संशोधकाने नाही. आणि धोका असल्याचा पुरावा लागतो: स्कॉलर्स ॲट रिस्क किंवा कारा अशा, धोक्यातल्या संशोधकांना मदत करणाऱ्या संस्थेने केलेली पडताळणी, नाहीतर युरोपीय संघात आश्रयाच्या प्रक्रियेतून मिळालेला दर्जा. पडताळणीला महिने लागतात, म्हणून संशोधकाने तिथला अर्ज आजच भरावा.

तुमच्यासाठी दोन वाटा. एक, डाडची (जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा) हिल्डे डोमिन योजना; सध्या नामांकनं घेतात का ते आधी विचारा. धोक्यातल्या विद्यार्थ्यांना आणि पीएचडी करू इच्छिणाऱ्यांना त्यातून शिष्यवृत्ती मिळते, नामांकन जर्मनीतल्या संस्थेने करायचं. दुसरी वाट, आणि चार महिन्यांचा हिशेब पाहता मी हीच धरेन: प्रकल्पाच्या निधीतून संशोधक म्हणून नेमणूक, सोबत पीएचडीचा प्रवेश, आणि विद्यापीठाने करून दिलेला 'आउफनामेफेराइनबारुंग' म्हणजे संशोधकाला सामावून घेण्याचा करार. निवास कायद्याच्या कलम १८ड खाली संशोधकाचा व्हिसा त्यावर मिळतो. त्याला पीएचडी लागत नाही, पीएचडीला प्रवेश मिळेल इतकी पदवी पुरते. या व्हिसावर जोडीदाराला जर्मन भाषेच्या परीक्षेची अटही नाही. चौघांचे अर्ज एकाच वेळी द्या. कुटुंब मागून आणू म्हटलं की पाकिस्तानी व्हिसा संपतो, आणि नोव्हेंबर २०२३ पासून तिथून अफगाणांची रवानगी चालू आहे. काबूलचा जर्मन दूतावास २०२१ पासून बंद असल्याने माघारी जाऊन अर्ज करण्याची सोय नाही.

सावली_बर्लिन
गोदातीर यांच्याशी सहमत. नेमणूक पूर्णवेळ करा, ई-१३ या संशोधकांच्या वेतनश्रेणीत. अर्धवेळ पगारात चौघांचा खर्च भागतो हे दूतावासाला पटवणं अवघड जातं.

शिष्यवृत्तीपेक्षा नोकरीचा करार का, हे तुमच्या प्रशासनाला ठणकावून सांगा. शिष्यवृत्ती विद्यापीठाला सोपी पडते, पण तिच्यावर पेन्शन साठत नाही, बेकारी भत्त्याचा हक्क मिळत नाही, आणि युरोपात आधी विमा नसलेल्या माणसाला सरकारी आरोग्य विमा बहुधा नाकारला जातो. मग चौघांसाठी खासगी विमा शोधत बसायचं. करार असला तर कमाई नसलेला नवरा आणि मुलं त्याच विम्यात, जादा हप्ता न भरता येतात.

पहिला पगार महिनाअखेरीला येतो. बँक खात्याला पत्त्याची नोंदणी हवी, नोंदणीला घरमालकाचं पत्र हवं. त्यामुळे विद्यापीठाचं अतिथिगृह किमान तीन महिने, तेही नोंदणी करता येईल असं, आताच राखून ठेवा.

मराठमोळा_अभियंता
कागदपत्रांत जन्मतारीख आधी तपासा. जुन्या कागदी तझकिऱ्यावर (अफगाण ओळखपत्र) जन्मतारीख नसते, तिथल्या सौर पंचांगाप्रमाणे 'सन १३९० मध्ये वय २४' असं लिहिलेलं असतं. म्हणजे जन्म १३६६ चा, आपल्याकडचं मार्च १९८७ ते मार्च १९८८. पासपोर्टवर कुणीतरी १ जानेवारी टाकलेली, मुलांच्या दाखल्यावर आईचं वय तिसरंच. दूतावास इथेच फाइल अडवून ठेवतो. नियम एकच: सगळ्या अर्जांत पासपोर्टवरचीच तारीख आणि पासपोर्टवरचंच नाव, आणि फरक का आहे याचं अर्ध्या पानाचं निवेदन अधिकृत भाषांतरासोबत जोडायचं. पासपोर्टची मुदतही बघा, निवास परवाना तिच्यापुढे जात नाही.

काबूलच्या मंत्रालयातून साक्षांकन आणायला मात्र सांगू नका. त्या खिडकीवर जाणं म्हणजे घरच्यांचा पत्ता तालिबानला देणं.

पेठकर
पुण्याची पदवी हा तुमचा मोठा आधार आहे. तिची पडताळणी पुण्यातूनच होते, काबूलला जावं लागत नाही. विद्यापीठाकडे ट्रान्सक्रिप्ट ऑनलाइन मागवता येते. सीट नंबर आणि पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) विचारून ठेवा. गुणपत्रिकेवर आडनावाच्या रकान्यात वडिलांचं नाव असेल तर तेही त्या निवेदनात घ्या. कॉलेजमध्ये हेलपाटे घालायला माणूस लागला तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी जाईन.

निशिगंध_ज
सगळ्यांचे मनापासून आभार. अजून एक: विभागाला वेबसाइटवर त्यांच्या स्वागताची बातमी द्यायची आहे, फोटोसकट.

सावली_बर्लिन
थांबवा. त्यांचे आईवडील, भावंडं अजून तिकडेच असतील. नाव, फोटो, विभागाच्या पानावरची नोंद, सेमिनारचं पोस्टर, प्रत्येकासाठी वेगळी लेखी संमती घ्या आणि नकार दिला तर कारण विचारू नका. अर्जाची फाइल विभागाच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवू नका, दोनच माणसांकडे असू द्या.

गोदातीर
आणि करार किती वर्षांचा करताय? प्रकल्प दोन वर्षांचा असेल तर तिसऱ्या वर्षाच्या पगाराचं पत्र डीनकडून आताच घ्या. पीएचडी दोन वर्षांत होत नाही, आणि निवास परवान्याचं नूतनीकरण करारावर अवलंबून आहे. आश्रयाचा अर्ज करू का, असं त्यांनी कधी विचारलं तर विभागात कुणीही सल्ला देऊ नका, विद्यापीठाच्या खर्चाने स्थलांतर कायद्याच्या वकिलाकडे पाठवा. इस्लामाबादच्या जर्मन दूतावासाची अपॉइंटमेंट मिळाली की इथे लिहा, मुलाखतीला लागणाऱ्या कागदांची यादी टाकतो.