अनुभव धागा: गर्दीत अडकलात तेव्हा काय झालं?

नाशिकचा कुंभ २००३, मांढरदेवी २००५, एल्फिन्स्टनचा पूल २०१७, खारघरचं ऊन २०२३. चारही ठिकाणी गर्दीत माणसं गेली. यातली एकही गर्दी अचानक आली नव्हती. तिथी ठरलेली, लोकलची वेळ ठरलेली. आता नाशिकचा २०२७चा सिंहस्थ कुंभ तोंडावर आहे. तुमच्यावर काय गुदरलं ते लिहा. कोणी सांभाळून घेतलं असेल तर तेही लिहा.

वाईकर: २००५ला मी डोंगरावर होतो. नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झालेल्या. वर माणसं पडत होती आणि खालून लोक चढतच होते. वर काय झालंय हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. मग दुकानं पेटली. याहून जास्त लिहवत नाही.

मुंबईहून: ४ जुलै २०२४, मरीन ड्राइव्ह, विश्वचषकाची मिरवणूक. संध्याकाळी पाय जमिनीला टेकेनात. बायकोचा हात सुटला, ती रात्री साडेनऊला सापडली, अनवाणी. पण रुग्णवाहिका आली तेव्हा याच गर्दीने वाट करून दिली. लोक ऐकतात हो! मागच्यांना ‘आता येऊ नका’ सांगणारा एक भोंगा हवा होता.

निवृत्त हवालदार: बंदोबस्ताला आम्हाला परजिल्ह्यातून आदल्या रात्री नेऊन सोडायचे. लोक रस्ता विचारायचे आणि मलाच गल्ली ठाऊक नसायची. नकाशा कधी हातात मिळाला नाही.

माळकरी: माउलींच्या पालखीत मी १९ वर्षं चालतोय. मुक्कामी समाजआरतीला हजारो टाळ वाजत असतात. चोपदारांनी, म्हणजे पालखीची शिस्त राखणाऱ्यांनी, हातातला दंड उंचावला की सगळे थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, तेव्हाच आरती पुढे होते. प्रत्येकाला आपली दिंडी आणि दिंडीतली आपली जागा माहीत असते. सरकारी आराखडा करणाऱ्यांनी एक मुक्काम आमच्यासोबत करावा, अगदी मनापासून सांगतो.

पंचवटीतून: २०१५च्या कुंभात पर्वणीच्या स्नानाला आमच्या गल्लीच्या दोन्ही तोंडांना बांबू ठोकले होते. दूधवालासुद्धा आत येईना. घरात हृदयविकाराचे वडील. या वेळी रुग्णवाहिका कुठल्या बाजूने आत येणार आणि बांबू कोण सोडणार, हे कोणीतरी दारात येऊन आत्ताच सांगावं.