रिकाम्या विमानालाही फ्लाइट प्लॅन लागतोच. मग तास वाटून घ्यायचे की खालच्यांना घरी पाठवायचं?

रात्रपाळी_डेस्क
मंडळी, १ ऑक्टोबर आठवड्यावर आला. कोविडच्या साथीत अमेरिकन सरकारच्या केअर्स ॲक्ट या मदत कायद्यातून पॅसेंजर एअरलाइन्सना पगारासाठी २५ अब्ज डॉलर मिळाले तेव्हा अट होती की ३० सप्टेंबर २०२० पर्यंत कुणाला काढायचं नाही. ती मुदत आता संपतेय आणि आमच्या ऑप्स सेंटरमधे जो तो सिनियॉरिटी लिस्ट उघडून बसलाय, कारण कपात खालून सुरू होते. मी डिस्पॅचर आहे, म्हणजे जमिनीवर बसून उड्डाणाचा प्लॅन काढणारा, कुठल्या एअरलाइनचा ते राहू द्या. ऐंशीएक जणांच्या लिस्टमधे खालून अकरावा. कपातीआधी द्यावी लागणारी वॉर्न ॲक्टची ६० दिवसांची नोटीस जुलैतच घरी आली, बायकोने ती फ्रिजला मॅग्नेटने लावून ठेवलीय, का ते विचारू नका.

तर वाद असा. युनियनमधे प्रस्ताव आलाय की मार्चपर्यंत सगळ्यांनी महिन्याला तीन शिफ्ट सोडायच्या, तेवढा पगार कमी घ्यायचा आणि बदल्यात कंपनीने खालच्या चौदा जणांना फर्लो करायचं नाही, म्हणजे परत बोलावेपर्यंत बिनपगारी घरी बसवायचं नाही. गुरुवारी मतदान. मी अर्थात बाजूने, स्वार्थ उघडच आहे. पण तो सोडून बोलतो. १४ एप्रिलला अख्ख्या देशात टीएसएच्या विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीतून ८७,५३४ माणसं गेली, आदल्या वर्षी हाच आकडा २२ लाखांच्या वर होता. म्हणजे शंभरातली शहाण्णव माणसं गायब. विमानं काही तेवढी गायब झाली नाहीत! आणि आमचं काम माणसं मोजून नसतं हो, विमानं मोजून असतं. आत बारा जण असोत नाहीतर एकशेऐंशी, वेदर बघा, नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) वाचा, इंधन काढा, अल्टरनेट (पर्यायी विमानतळ) शोधा, सगळं तेवढंच. उलट आता दर आठवड्याला वेळापत्रक बदलतंय, पॅसेंजर विमानं नुसता माल घेऊन जातायत, कधी न केलेले रूट करावे लागतायत. अशा वेळी माणसं कमी करणं मला तरी कळत नाही.

जुना_टेलेक्स
चोवीस वर्षं डेस्कवर काढलीत, म्हणून लिहितो. मी विरोधात मत देणार आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही.

११ सप्टेंबरनंतर मी स्वतः फर्लो झालो. २००१ च्या नोव्हेंबरात घरी, परत बोलावणं आलं २००४ मधे. मधल्या काळात गोदामात रात्री खोकी हलवली. तेव्हा वरच्यांनी माझ्यासाठी एक शिफ्ट सोडली नव्हती आणि मी मागितलीही नव्हती, कारण लिस्ट म्हणजे लिस्ट, ती एकदा वाकवली की कंपनी ती रोज वाकवणार. शिवाय "मार्चपर्यंत" म्हणे! एकदा दिलेलं परत येतं असं ज्यांना वाटतं त्यांनी २००५ आठवावं, युनायटेड एअरलाइन्सने दिवाळखोरीत पेन्शन योजना सरकारी विमा संस्थेच्या गळ्यात टाकल्या आणि कित्येकांचं पेन्शन कापलं गेलं. तेही आधी पगारात कपात सोसून झाल्यावर. आता बोला.

कोडकरी
बाहेरचा माणूस म्हणून विचारतो, राग मानू नका. रूट, इंधन, वारा हे सगळं सॉफ्टवेअरच काढतं ना? मग फ्लाइट्स निम्म्या झाल्या तर माणसंही निम्मी, यात चुकलं काय? आमच्याकडे तर नोटीस वगैरे लांबच, सकाळी लॅपटॉप लॉगिन होत नाही तेव्हा कळतं.

उजवी_सीट
@कोडकरी, मी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. सॉफ्टवेअर प्लॅन काढतं, बरोबर. पण समोर वादळी ढगांची भिंत उभी राहिली, अल्टरनेटला धुकं उतरलं, मागे एकाला छातीत कळ आली, तेव्हा सॉफ्टवेअर रेडिओवर येत नाही. इथे कायद्यानेच उड्डाणाची जबाबदारी कॅप्टन आणि डिस्पॅचर दोघांवर आहे, १९३८ पासून. दोघांपैकी एक जरी नाही म्हणाला तरी विमान सुटत नाही. डिस्पॅचरची ड्यूटीसुद्धा सलग दहा तासांच्या वर लावता येत नाही. पण मेख अशी की एका डिस्पॅचरने एका वेळी किती विमानं सांभाळायची याचा आकडा नियमात नाहीच, "पुरेसे" डिस्पॅचर ठेवा एवढंच. ते पुरेसे म्हणजे किती हे पैसे कमी पडायला लागले की आपोआप बदलतं 🙂

आणि तास वाटून घेणं काही अशक्य नाही. युनायटेडच्या पायलटांच्या युनियनने याच महिन्यात तसा करार केलाय, २,८५० जणांचे फर्लो त्यातून टळणार आहेत.

जुना_टेलेक्स
पायलटांचं उदाहरण इथे लागू नाही. पायलट फर्लो केले की वरचे खाली सरकतात, मोठ्या विमानाचा माणूस छोट्यावर येतो, त्याला नवं ट्रेनिंग, त्याच्यामुळे जो सरकला त्यालाही ट्रेनिंग, सिम्युलेटरचा खर्च, महिनोन्‌महिने चालतं ते. म्हणून कंपनीलाच ते टाळायचं असतं. आमच्यातले चौदा गेले तर उरलेल्यांची डेस्कं फक्त मोठी होतात, एकेकाकडे जास्त विमानं येतात, बाकी खर्च शून्य. कंपनीला गरजच नाही तर ती आपल्याला बदल्यात काय देणार? नुसतं तोंडी आश्वासन.

रॅम्पवाला
एक सांगू का, तुमची संख्या ऐंशी. आमच्या रॅम्पवरच्या, सामान चढवणाऱ्यांतले शेकड्यांनी जातायत आणि आमच्यावर कुणी चर्चा पण काढत नाही. चालू द्या.

रात्रपाळी_डेस्क
@रॅम्पवाला, खरंय, यावर माझ्याकडे उत्तर नाही.

@जुना_टेलेक्स, ट्रेनिंगचा मुद्दा मान्य, तो माझ्या डोक्यात आला नव्हता. पण म्हणूनच प्रस्तावात "फर्लो नाही" हे लेखी हवं आणि ३१ मार्चला आपोआप संपण्याची तारीख हवी, नुसतं "परिस्थिती सुधारेपर्यंत" नको. आणि २००१ चं सांगितलंत तर एक विचारतो. तेव्हा खाली पडलेल्याला निदान एखादी रीजनल (छोट्या मार्गांची एअरलाइन) तरी घ्यायची. आता ट्रान्स स्टेट्स आणि कंपास एप्रिलमधेच बंद पडल्या, एक्सप्रेसजेट ३० तारखेला शेवटचं उडणार. मी चार वर्षं रीजनलला तासाला वीस डॉलरच्या आत-बाहेर काढून इथे आलो, इथे आलो तेव्हा सिनियॉरिटी परत शून्यापासून. लायसन्सला एक्स्पायरी नाही, पण ते दाखवायचं कुणाला?

हिशेबी_बाई
माझा नवरा डिस्पॅचर आहे, लिस्टमधे मधोमध, म्हणजे आम्ही दोन्हीकडून नाहीच. एक गोष्ट कुणी बोललं नाही. काही राज्यांत वर्क शेअर योजना आहे, तास कमी केले तर गेलेल्या तासांपुरता बेकारी भत्त्याचा काही भाग मिळतो आणि इन्शुरन्स चालू राहतो. त्यासाठी कंपनीने अर्ज करायला लागतो आणि युनियनची सही लागते. शिफ्ट सोडायच्याच तर आधी हे विचारा ना! आमच्या घरी पगारापेक्षा इन्शुरन्सची धास्ती जास्त आहे, साथीच्या मधेच तो गेला तर काय करायचं. दोन बाजूंनी तावातावाने भांडताय आणि फॉर्म कुणी वाचलेला नाही.

जुना_टेलेक्स
हे मात्र मला माहीत नव्हतं. आमच्या राज्यात आहे का बघतो. ते असेल आणि तारीख लेखी असेल तर तीन नाही पण दोन शिफ्टचा विचार करीन. विचार म्हणालो, मत नाही.

कोडकरी
म्हणजे शेवटी वाद एका शिफ्टचा आहे?

जुना_टेलेक्स
नाही. वाद विश्वासाचा आहे, शिफ्टचं फक्त गणित आहे. तुम्ही लॅपटॉप सांभाळा.

रात्रपाळी_डेस्क
बरं, गुरुवारी काय व्हायचं ते होईल. एक वेगळंच विचारायचं होतं. समजा गेलोच तर आम्ही स्वस्त गावात भाड्याने जाणार, मग रिकॉलसाठी, म्हणजे कामावर परत बोलावण्यासाठी, पत्ता बदलला हे कुणाला कळवायचं, कंपनीला की युनियनला?

जुना_टेलेक्स
दोघांनाही, आणि रजिस्टर्ड टपालाने. ईमेलवर अजिबात विसंबू नका. पावती जपून ठेवा. माझं २००४ चं रिकॉलचं पत्र जुन्या घरी गेलं होतं, उत्तराच्या मुदतीतले नऊ दिवस उलटून गेल्यावर नव्या भाडेकरूने फोन केला म्हणून कळलं. त्या बाईचं नाव विसरलो बघा. आणि लिस्टच्या वरच्या कुणाचा तरी फोन नंबर घेऊन ठेवा, रिकॉलची बातमी पत्राच्या आधी डेस्कवर येते. माझा नंबर निरोपात पाठवतो.