अमेरिकेतला ट्यूनर, ५५८ लागेना

जुळेसोलापूरकर: भाच्यानं अमेरिकेहून डिजिटल रेडिओ ट्यूनर आणलाय, ११० व्होल्टचा. व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालवतो. एफएम स्वच्छ. पण वडिलांना मिडियम वेव्हवर आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी हवी, ५५८ किलोहर्ट्झवरची. जन्म चादरीच्या मागावर गेला त्यांचा, शेजारी रेडिओ कायम असायचा. आकडा ५५० वरून एकदम ५६० वर जातो, ५५८ येतच नाही. आवाज फाटतो. ८१ वर्षांचा माणूस कानाला हात लावून बसतो, बघवत नाही.

होटगीरोड: दादा, ट्यूनर चांगलाय. तिकडं केंद्रं १० किलोहर्ट्झच्या अंतरानं असतात, आपल्याकडं ९ च्या. ५५८ ला ९ नं भाग जातो. मागं ९/१० चं बटण असेल, बघा. काहींत दोन कळा एकत्र दाबाव्या लागतात. साठवलेली केंद्रं मात्र पुसली जाऊ शकतात.

भवानीपेठ: सोबतची लूप अँटेना खिडकीत ठेवून फिरवा. एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर बंद करा, घरघर त्यांचीच असते.

जुळेसोलापूरकर: सापडलं! अँटेनाच्या खाचेजवळ नखानं सरकवायचं बारीक बटण. रात्री ५५८ लागलं. वडिलांनी खुर्ची जवळ ओढली आणि मला म्हणाले, "आता हात लावू नको."