बायोप्सीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी विचारा

बायोप्सी झाली की तोंडातल्या फोडांचं निदान पक्कं, असं वर कुणीतरी लिहिलंय, ते अर्धंच पटलं. साध्या बायोप्सीत पेशींची रचना दिसते, पण आपल्याच अँटीबॉडीज (प्रतिकारशक्तीची प्रोटीन्स) अस्तरात कुठं जाऊन बसल्यात ते बघायला इम्युनोफ्लुरोसन्स टेस्ट (अँटीबॉडीज चमकवून दाखवणारी तपासणी) लागते आणि त्याचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (साध्या बायोप्सीचा तुकडा टिकवायचं रसायन) टाकलेला चालत नाही, हे इथं कुणी बोललंच नाही. आमच्या तासगावच्या आत्याचं तेच झालं. चार महिने फोड, बी-कॉम्प्लेक्स झालं, जाईचा पाला चघळून झाला, शेवटी सांगलीत तुकडा काढला तर तो थेट फॉर्मॅलिनच्या बाटलीत, मग लॅबवाले म्हणाले याच्यावर ती टेस्ट होणार नाय, परत काढा. आत्या जे काय बोलली ते इथं लिहिता येत नाही. दुसऱ्या वेळी मिशेल्स मीडियममध्ये (या टेस्टसाठी तुकडा न्यायचं खास द्रावण) दिला, आणि तोही फोडातून नव्हे, शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या भागातून.

पेम्फिगस व्हल्गॅरिस हा फोड आणणारा आजार निघाला. यात डेस्मोग्लीन ३ या पेशींना एकमेकींना चिकटवून ठेवणाऱ्या प्रोटीनवरच आपल्या अँटीबॉडीजचा हल्ला होतो. तोंडाच्या अस्तरात मुख्यतः तेच असतं, कातडीत डेस्मोग्लीन १ पण असतं म्हणून कातडी तग धरते नि तोंड आधी सोलून निघतं. आधी सगळे लायकेन प्लॅनसच (तोंडात जखमा करणारा दुसरा एक आजार) म्हणत होते, पण त्यात प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी अस्तराच्या तळाच्या थरावर तुटून पडतात, प्रकारच वेगळा.